फायबरवाल्या काकूंचे हात

"सासू-सुनेले एका रिक्षात बसवू नोको," असं म्हणून काकू काउंटरवरच्या दोन डब्यांपैकी एकच उचलायच्या आणि निघून जायच्या. दुसरा डबा तिथेच राहायचा. थोड्या वेळाने पदराने घाम पुसत परत यायच्या आणि मग तो न्यायच्या. इतक्या उन्हात दोन खेपा कशाला, असं नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं. आम्हाला सवय झाली होती.

मी सकाळी कॉलेज करते आणि दुपारनंतर नागपुरात जरीपटक्यातल्या एका केमिकलच्या दुकानात काउंटरवर बसते. काकू आमच्या नेहमीच्या गिऱ्हाईक. त्यांचं फायबरचं काम होतं. कूलरच्या तळाशी पाण्याची टाकी असते ना, ती त्या बनवायच्या. नागपूरच्या वाचकाला कूलर समजावून सांगायची गरज नाही, पण टाकी कशी होते हे मलाही आधी माहीत नव्हतं. साच्यावर काचेच्या धाग्यांचा जाड कपडा अंथरतात आणि त्यावर रेझिन नावाचं मधासारखं घट्ट द्रव ब्रशने चोपडतात. नुसतं रेझिन लवकर आळत नाही. त्यात आधी थोडं कोबाल्ट ढवळायचं, ते जांभळं असतं. मग हार्डनर, तो पाण्यासारखा दिसतो. दोन्ही वेगवेगळे मिसळले की टाकी दगडासारखी घट्ट होते. पण जांभळं आणि हार्डनर थेट एकमेकांत पडले, तर भडका उडतो.

काकूंनी हे मला त्यांच्या भाषेत सांगितलं होतं. "रेझिन म्हणजे पोरगा. आधी मायनं त्याच्या कानात सांगाचं. थे त्याच्या डोक्यात बसू द्याचं. मंग बायकोनं सांगाचं. घर उभं राह्यते. अन् त्या दोघी डायरेक्ट बोलल्या, का घराले आग."

"अन् सासू कोणती, काकू?"

"जांभळी. रंग पाह्य ना तिचा, कशी फुगून बसली हाय!"

एकदा शेठने दोन्ही डबे एकाच फळीवर लावले. काकूंनी मालच घेतला नाही. सरळ काउंटरच्या आत आल्या आणि हार्डनर उचलून दुकानाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला.

शेठ म्हणाले, "काकू, डबे बंद आहेत. आपसात बोलून नाही राहिले."

"तोंड बंद ठेवनाऱ्या बायकाच जास्त डेंजर राह्यते, शेठ."

ते डबे आजही दुकानाच्या दोन टोकांना असतात.

एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. "केमिस्ट्री शिकून राहिली ना वं? मंग पाहून तर घे." बाजाराच्या मागे पत्र्याची शेड होती. मे महिना होता. काकूंनी रेझिनमध्ये कोबाल्ट घातलं, पण नेहमीपेक्षा बरंच कमी. मी कारण विचारलं, तर वर पत्र्याकडे बोट करून म्हणाल्या, "आज ऊनच कोबाल्ट हाय."

हातमोजे खिळ्याला टांगलेले होते, वाळून कडक झालेले. काकू कोपऱ्यातला कपडा उघड्या बोटांनी दाबत होत्या. मी जरा भीत भीतच विचारलं, "काकू, मोजे?"

"हातमोज्याले बुडबुडा समजत नाही. कपड्याखाली हवा राहिली का टाकी तिथूनच गळते. बोटाले समजते."

मला वाटतं, कोबाल्टची भीती त्यांना भरपूर होती, पण ती सगळी आगीची होती. हाताला चिकटलेलं जांभळं त्या थिनरने पुसायच्या आणि त्याच हातांनी चहाचा कप उचलायच्या.

खाज आधी बोटांच्या बेचक्यात आली. मग भेगा पडल्या. काकूंनी संशयितांची रांगच लावली. नवीन साबण, वांग्याची भाजी, जाऊबाईंनी दिलेल्या बांगड्या. दिवाळीत काम बंद होतं तेव्हा हात बरे झाले. साबणही नेमका तेव्हाच संपला होता, त्यामुळे दोष साबणाला लागला. काम सुरू झालं आणि साबण नसतानाही हात पुन्हा फुटले. मग त्या सरकारी दवाखान्यात गेल्या.

तिथे त्यांच्या पाठीवर वेगवेगळ्या पदार्थांच्या पट्ट्या चिकटवल्या. काढल्या, तेव्हा कोबाल्टच्या पट्टीखाली कातडी लाल होऊन उठली होती.

"डाक्टर म्हणते, शरीरानं त्याले ओळखलं," दुकानात येऊन काकू सांगत होत्या. "इतके वर्सं शेजारी बसून होतं, तवा वळखलं नाही. आता ओळख झाली म्हणे!" त्या हसल्या. मग काउंटरवर दोन्ही हात उताणे ठेवले. "तू सांग वं पोरी. हे जाईन का नाही?"

माझ्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. काटोलकडे आमच्या गावात बाबा सगळ्यांना सांगतात की पोरगी केमिस्ट्री शिकते, आणि लोकांना वाटतं मला सगळंच माहीत आहे. मला फार थोडं माहीत आहे. मी पुस्तक काढलं, कंपनीचा सुरक्षेचा कागद वाचला. त्यात होतं की कोबाल्टची ॲलर्जी एकदा झाली की बहुधा कायम राहते, मग अगदी थोडंही पुरतं. कोबाल्टची धूळ किंवा फवारा श्वासातून गेला तर दम्यासारखा त्रास होतो, फुप्फुसंही बिघडू शकतात. आणखी एक गोष्ट होती, ती मी का सांगितली कोण जाणे. एका जीवनसत्त्वात कोबाल्ट असतं आणि ते शरीराला लागतं.

"म्हंजे पोटात चालते अन् हातावर नाही? मोठी नखरेल हाय!" काकू म्हणाल्या. मग हळू आवाजात, "हे काम सोडून मले दुसरं काई येत नाही वं. साचे माझे, शेड माझी. होळीच्या आत टाक्या द्याच्या हायेत."

त्या मोजे घालू लागल्या. मोजे घालून केलेली एक टाकी गळली, तर चिडून काढून टाकले. मग कुठून तरी त्यांना वेगळ्या रेझिनचा डबा मिळाला. त्यात जांभळं घालावंच लागत नव्हतं, नुसता हार्डनर टाकला की झालं. काकू खुशीत होत्या. आठवड्याभराने त्या दुकानात आल्या तेव्हा पापण्या इतक्या सुजल्या होत्या की मला आधी त्या ओळखूच आल्या नाहीत. सोबत तो डबा होता.

"याच्यात तर जांभळं नाही ना?"

मी लेबल वाचलं. दोनदा वाचलं. शेठही जवळ येऊन उभे राहिले.

"काकू, याच्यात कोबाल्ट कारखान्यातच मिसळलेलं आहे."

काकूंनी डबा हाताने दूर सारला. "म्हंजे म्हातारी आधीच घरात येऊन बसली होती," त्या म्हणाल्या. शेठ हसणार होते, पण हसले नाहीत.

त्यानंतर त्यांनी दूर खुर्ची टाकून दुसऱ्याकडून काम करून घ्यायचं ठरवलं. ते मी पाहिलं नाही, ऐकलं. काम करणारा चांगला होता. पण काकू खुर्चीवरून उठायच्या, "अरे तिथं नाही, इथं दाब गा," म्हणत बोट घालायच्या आणि रात्रभर खाजवत बसायच्या. होळीच्या टाक्या दिल्या आणि साचे त्याच माणसाला विकून टाकले. निरोप घ्यायला त्या दुकानात आल्या नाहीत. आता काटोलला भावाकडे असतात आणि संत्री निवडतात, असं कळलं. हात कसे आहेत हे मला नक्की माहीत नाही. बरे असावेत, असं मी धरून चालते.

परवा साचे घेणारा दुकानात आला. कूलरचा हंगाम अगदी भरात आहे.

"साच्यात भरायला पुट्टी पाह्यजे," तो म्हणाला.

"साचा फुटला का?"

"फुटला नाही वं. बाईनं साचा बनवला तवा थो ओला असतानी कोपऱ्यात अंगठा दाबला हाय. कायले दाबला, थे तिलेच माहीत. आता दर टाकीवर थो अंगठा उठून येते. माल चांगला हाय, पन दिसाले कसं दिसते?"

मी पुट्टीचा डबा काढून त्याच्यासमोर ठेवला. त्याने बाहेर उभ्या टेम्पोकडे पाहिलं. टाक्या एकात एक घालून रचल्या होत्या आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

"राहू दे," तो म्हणाला. "भरली तर वाळेपर्यंत साचा अडकून राह्यते. सीझन झाल्यावर पाहू."

मी डबा परत फळीवर ठेवला. टेम्पो प्रताप नगरकडे निघाला होता.