मागच्या कोपऱ्यातला डबा

लेक पुण्याहून आली की आधी फ्रिज उघडते. हातपाय धुणं, पाणी पिणं सगळं नंतर. तिचे बाबा गेल्यापासून हे सुरू झालंय. मी काय खाते ते मला विचारून तिला कळत नाही, कारण तिने काहीही विचारलं तरी मी "जेवले" एवढंच सांगते.

होळीच्या आठ दिवस आधी ती आली, ओढणी कमरेला खोचली आणि फ्रिजमधले सगळे डबे ओट्यावर मांडले. एकेक झाकण उघडायची आणि मला विचारायची. हे काय? वरण. कधीचं? परवाचं. हे? भिजवलेले चणे. मी शाळेतल्या ढ पोरीसारखी टेबलाशी बसून उत्तरं देत होते. खरं तर मी तापट बाई. एरवी तिला चार शब्द सुनावले असते. पण त्या दिवसांत मला कशाचंच काही होत नव्हतं, राग येणंही बंद झालं होतं. कार्तिकात एका सकाळी दाढी करताना नवऱ्याच्या छातीत दुखायला लागलं आणि रामदासपेठेतल्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. त्यानंतर लोक घरी येऊन रडायचे आणि मी त्यांना पाणी आणून द्यायचे. मला स्वतःला एकदाही रडू आलं नाही.

सगळ्यात मागून, थंड भिंतीला चिकटून बसलेला एक गोल स्टीलचा डबा निघाला. झाकण हलेना, तेव्हा तिने चमच्याची दांडी घालून ते उचकटलं. आत काळपट हिरवं काहीतरी होतं आणि त्यावर पांढरी बुरशी.

"आई, हे काय आहे?"

मी पाहिलं, वास घेतला. काही म्हणजे काही आठवेना.

"माहीत नाही."

"तूच ठेवलं असशील ना? घरात दुसरं आहे कोण?"

ती असं का विचारतेय ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. माझ्या आईला शेवटची सहा वर्षं काही आठवत नव्हतं. तिची सुरुवातही स्वयंपाकघरातूनच झाली होती, आणि लेकीनं आजीचे ते हाल पाहिलेत. म्हणून बेसा भागातला हा फ्लॅट भाड्यानं देऊन मी पुण्याला तिच्याकडे यावं, असं तिने तेराव्यापासून लावून धरलं होतं. मी दर वेळी एकच सांगायचे, माझं डोकं शाबूत आहे, ते बिघडेल त्या दिवशी येईन. आता तो डबा आमच्यासमोर उघडा पडला होता.

"उन्हाळ्यापर्यंत काय ते ठरवू," ती म्हणाली. आतलं सगळं तिने कचऱ्यात टाकलं, डबा गरम पाण्यात भिजत घातला आणि दुसऱ्या दिवशी गेली. एरवी पोचल्याबरोबर फोन करते, या वेळी केला नाही. रुसली असेल, असं मी धरून चालले.

पुण्याला जायचं नाही, एवढी एकच गोष्ट मला त्या दिवसांत पक्की वाटत होती. का, ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. डबा घासताना एकदम उजेड पडला, हा तर समोरच्या ताईंचा! सुतकात आमच्या घरी स्वयंपाक नव्हता. तेरा दिवस दोन्ही वेळचं जेवण समोरच्या ताईंकडून आलं, ते असल्याच गोल डब्यांतून. आमच्यात कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत, आणि सुतकाच्या घरातून काही भरून द्यायचं नसतं. त्यामुळे डबे अडकून पडतात. त्यातलाच एक राहिला असणार. म्हणजे आतलं त्यांच्या हातचं, मग मी ते ओळखणार कशी? लेकीला द्यायला उत्तर सापडलं. डब्यात गुळाचा खडा टाकला आणि समोरची बेल दाबली.

ताई माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या. डबा हातात घेऊन त्या म्हणाल्या, "हा माहा नाही वं. माहे सगळे डबे तं तू कवाच देल्ले. संक्रांतीच्या आधी. सांबारवड्या भरून."

सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. ती स्वस्त झाली की तिचं सारण भरून वड्या तळायच्या, हे आमचं हिवाळ्यातलं मोठं काम.

"मी केल्या?"

"मग कोन? मले लाटाले बोलावलं होतं तूनं. चाळीस वड्या केल्या आपन. पहिली वडी तेलात फुटली तं कित्ती हासली तू. मले बरं वाटलं. म्हटलं, बाई आता सावरून राहिली."

चाळीस वड्या म्हणजे अख्खी सकाळ. आणि मी हसले होते. त्यातलं काहीही माझ्या डोक्यात नव्हतं, तेलाचा वाससुद्धा नाही. लेकीचं खरं होतं तर.

ताईंनी गूळ तळहातावर घेऊन डबा उलटा केला. बुडाशी नेलपॉलिशचा लाल ठिपका होता, अर्धा झिजलेला.

"हा तं भाऊजींचा हाय ना."

नवरा मिहानमधल्या कंपनीत कामाला लागला तेव्हा तिथल्या कँटीनमध्ये सगळ्यांचे डबे सारखे, म्हणून रोज अदलाबदल व्हायची. लेक तेव्हा दहावीला होती. तिनेच तिच्या बाटलीतला रंग लावून ही खूण केली होती. सांबारवडी त्याला ताजी आवडायची नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी गार झालेली हवी असायची. त्यामुळे वड्या केल्या की त्याच्या चार आधी डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवायच्या, सकाळी तो निघताना हातात द्यायच्या. लग्न झाल्यापासून मी हेच करत आले. त्या दिवशीही केलं. तेव्हा त्याला जाऊन दोन महिने झाले होते.

"अशी काहून पाहून राहिली? बस ना आत," ताई म्हणाल्या. मी बसले नाही. डबा घेऊन घरी आले.

दोन दिवसांनी लेकीचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर तिने विचारलंच, "आठवलं का गं, काय होतं ते?"

ताईंचा डबा होता, एवढं म्हणून मोकळं होता आलं असतं. तिला ते पटलंही असतं.

"सांबारवड्या होत्या," मी म्हटलं. "संक्रांतीच्या आधी तुझ्या बाबांचा डबा भरून ठेवला होता मी. मला त्यातलं काही आठवत नाही."

आता ही माझं तिकीट काढणार. कुठल्या साड्या न्यायच्या ते मी मनात ठरवायलाही लागले होते.

"आई," ती म्हणाली, "परवा मी पुण्याला उतरले ना, तेव्हा बाबांना फोन लावला. पोचले म्हणून सांगायला. नंबर बंद आहे असं ऐकू आलं तेव्हा कळलं मला. मग तुला करायची हिंमत झाली नाही."

चार महिने कुठे अडलं होतं कोण जाणे, ते एकदम वर आलं. मी ओट्याला धरून मोठमोठ्यानं रडले, ताईंच्या घरी ऐकू गेलं असेल इतकं. तीही तिकडे रडत होती. कुणीच कुणाला गप्प करत नव्हतं. पुण्याचा विषय तिने काढला नाही, मीही काढला नाही.

बऱ्याच वेळानं तिने नाक ओढत विचारलं, "जेवलीस का?"

"नाही," मी म्हटलं.