डॅशबोर्डखालचं बटण

लग्नाआधी गाडी शिकलेली आमच्या घरातली पहिली बाई म्हणजे माझी मावशी. आजोबांच्या खटारा गाडीवर ती शिकली आणि पहिल्याच फटक्यात परीक्षा पास झाली. सासरी तर गाडी दारातच होती. काकांच्या वडिलांनी घेतलेली, लांब नाकाची, रस्त्यानं गेली की लोक वळून बघतील अशी. काका दर रविवारी तिचे चकचकीत बंपर जुन्या बनियनने पुसत बसायचे. मूलबाळ नव्हतं, तेव्हा माया लावायला तीच.

मावशीला दूध तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. गावाबाहेर, शिफ्ट पहाटेची, त्या वेळेला बस नाही. टँकर येऊन उभे राहायचे आणि मावशीने नमुना पास केल्याशिवाय एक थेंब पुढे जायचा नाही. नोकरीचं ऐकून काका म्हणाले, "ने की गाडी. माझं ऑफिस काय, पायी जाण्यासारखं." दान वाटायला बसल्यासारखे उदार झाले होते. सगळ्यांनी नवऱ्याचं कौतुक केलं.

गाडी थंडीत चालू करायची युक्ती सोपी होती. पाय एकदा ॲक्सिलरेटरवर दाबायचा, सोडायचा, किल्ली फिरवायची. थंड इंजिनाला हवा कमी आणि पेट्रोल जास्त लागतं. ती हवा अडवणारी झडप, म्हणजे चोक, आपोआप मिटायची आणि इंजिन तापलं की आपोआप उघडायची. दोन-तीन महिने मावशी रोज गेली. पहिल्या पगारात तिने स्वतःला लोकरीचे हातमोजे घेतले. ती घरी यायची तीच बोलत यायची. टँकरवाले तिला "मॅडम" म्हणतात, एकाचं दूध तिने परत पाठवलं, वरिष्ठ तिला मोठ्या प्रयोगशाळेत पाठवणार आहेत. काका ऐकायचे आणि वर्तमानपत्राचं पान उलटायचे.

मग एकदा काकांनी गाडी सर्व्हिसिंगला नेली. दुसऱ्या दिवसापासून ती मावशीकडून चालू होईना. पाय दाब, किल्ली फिरव. इंजिन नुसतं खोकायचं. पुन्हा दाबलं की पेट्रोलचा वास सुटायचा आणि मग तर विचारूच नका. मावशी आत येऊन काकांना उठवायची. काका शाल गुंडाळून येत, तिला बाजूला सरकवत, एक हात खाली घालून गुडघ्याशी काहीतरी चाचपत आणि गाडी एका झटक्यात सुरू. "गाडीला हात कळतो," ते म्हणायचे.

तिकडे दुपारपर्यंत गाडी पुन्हा गार. टँकरवाले धक्का मारून द्यायचे. आधी हौसेनं, मग हसत, मग उसासे टाकत. काकांनीही कंटाळा केला. "रोज उठून मीच चालू करून द्यायची का? मिस्त्रीने तपासली, गाडीत काही नाही." मावशीने स्वतः मिस्त्रीला विचारलं, तेव्हा काका शेजारीच उभे होते. मिस्त्री म्हणाला, "गाडी ठणठणीत आहे, वहिनी." खोटं नव्हतंच ते.

वरिष्ठांनी दोनदा उशीर समजून घेतला. तिसऱ्यांदा म्हणाले, "बाई, दूध कुणासाठी थांबत नाही." काढून टाकण्याआधी मावशीने राजीनामा दिला. पुढे वीसेक वर्षं हा किस्सा पाहुण्यांपुढे निघायचा. काका सांगायचे, "हिच्या हातात गेली की गाडीला खोकला व्हायचा!" पाहुणे हसायचे. मावशी चहा ओतत असायची, आणि तीही हसायची. ते मला कधी आवडलं नाही. ती पुन्हा कधी गाडीच्या चालवायच्या बाजूला बसली नाही. मिक्सर बिघडला तरी म्हणायची, "माझ्याच हाताला गुण नाही."

काकांना मोतीबिंदू झाला तेव्हा त्यांनी गाडी विकायचं ठरवलं. गिऱ्हाईक यायच्या आधी एकदा बघून घ्यावी म्हणून मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्री आता म्हातारा झाला होता. काका आत झोपले होते, मी आणि मावशी अंगणात. बॉनेटमध्ये डोकं घालून तो म्हणाला, "वहिनी, जरा चोक ओढा आणि किल्ली मारा."

"कसला चोक? हिचा आपोआप आहे ना?"

"तो मीच काढला की! मूळचा चांगला होता, मी म्हटलंही. पण साहेब म्हणाले, हाताने ओढायचा बसवून द्या, आणि बटण खाली, दिसणार नाही असं. चोरांची भीती वाटत होती त्यांना." त्याने डोकं बाहेर काढलं. "म्हणजे, तुम्हाला सांगितलं असेलच."

मावशी आत बसली. हात खाली घालून तिने शोधलं. डॅशबोर्डच्या मागे, गुडघ्याच्या वर, एक गुळगुळीत बटण. तिने ओढलं, किल्ली फिरवली, आणि गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली.

मी टाळी वाजवणार होते, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून हात तसेच राहिले. तिने गियर टाकला. फाटकापर्यंत गेली, तिथे गाडी गचका खाऊन बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. क्लचवरचा पाय ती दर वेळी घाईने सोडत होती. बटण सापडलं होतं, पण वीस वर्षांची भीती काही त्या बटणाला बांधलेली नव्हती. शेवटी मिस्त्रीनेच गाडी मागे घेतली.

काका उठल्यावर ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "चोर कोण होता हो?"

त्यांना लगेच कळलं. "आता काय उकरून काढतेस? इतकी वर्षं झाली."

"विचारतेय."

"नोकरी सोड म्हटलं असतं तर ऐकलं असतंस?"

"नसतं."

"मग?" काका म्हणाले. जणू हिशोब चुकता झाला.

मावशीने भांडण केलं नाही. घर सोडून जाईल असं मला वाटलं होतं, पण ती म्हणाली, "कुठे जाऊ? प्रयोगशाळा बंद पडली, आणि माझे गुडघे बघ." गाडी विकली गेली. वेळेवर जेवण, वेळेवर औषध, सगळं होत राहिलं. फक्त ती काकांशी बोलायची थांबली. ताट ठेवायची आणि खोलीतून निघून जायची.

डोळ्याच्या ऑपरेशनला काकांना मी घेऊन गेले. बाहेर बाकावर बसलो होतो. त्यांचा चष्मा माझ्या हातात होता.

"तुझी मावशी अती करते," ते म्हणाले. "एवढ्याशा गोष्टीपायी. मी तिला कधी हात लावला? कधी उपाशी ठेवलं?"

मी चष्मा घडी करून पर्समध्ये ठेवला. त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा आत कितवा नंबर चालू आहे ते बघायला मी उठले. मग परिचारिका त्यांना आत घेऊन गेली.

संध्याकाळी घरी पोचलो. मावशीने दार उघडलं. काका पट्टी बांधलेला डोळा घेऊन तिच्यासमोर उभे होते, हात पुढे करून, पायाने उंबरा चाचपत. तिने त्यांचा दंड धरून आत घेतलं, खुर्चीत बसवलं, पायाखाली पाट सरकवला. मग थेंबांची बाटली घेतली आणि दिवसातून किती वेळा घालायचे ते काकांना न विचारता मला विचारलं.