न पडलेला कौल

आधीच माफी मागते, माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट. चौथीपर्यंत शिकले, त्यातलंही अर्धं वर्ष शेळ्यांमागे गेलं. ही वही माझ्या लेकीची, अश्विनीची. ती मिरजेला नर्सिंग शिकते. मागची पानं कोरी होती, ती मी घेतली. ती म्हणते, मोबाईलवर लोक असले अनुभव लिहून टाकतात, तू पण लिही, मी टाईप करून देते. म्हटलं, आधी लिहून तर होऊ दे... चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझा घसा कोरडा पडतो. वहीपुढे तेवढं होत नाही.

दुसरी गोष्ट – भूत, करणी, अंगात येणं, यावर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही नाही. देवीवर आहे. पण देवीच्या कौलावर नव्हता. आमच्या गावातल्या कुणी हे वाचलं तर हसेल, कारण आम्ही गुरव. पूजा आमच्या घरात आणि कौल लावायचं कामही आमचंच.

आमचं गाव कडेगावपासून एसटीनं अर्ध्या तासावर. देवळात कमरेएवढी शेंदरी मूर्ती आहे. कौल म्हणजे असं – फुलाच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवायच्या, एक देवीच्या उजव्या खांद्याला चिकटवायची, एक डाव्या. मग प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. सोयरीक, विहीर, जमिनीचं भांडण, सगळं लोक विचारायला येतात.

मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला पहिल्याच वर्षी सांगून ठेवलं होतं. साध्या पाण्यानं लावलेली पाकळी दोन आरत्या होईस्तोवर वाळून पडते. गुळाच्या पाण्यानं लावलेली दुपारपर्यंत हलत नाही. म्हणजे उत्तर बोटांत असतं. आमच्या मालकांनी तसं कधी केलं नाही, त्यांचा तो स्वभावच नाही. पण मला ते एकदा कळलं आणि विश्वास गेला तो गेलाच.

आता झालं ते सांगते.

नवरात्रात देवीला साड्या येतात. दसऱ्यानंतर त्यांचा लिलाव होतो आणि पैसे देवळाच्या कामाला जातात. गेल्या वर्षी बारा हजार जमले होते. ते डब्यात घालून, डबा साड्यांच्या ट्रंकेत ठेवला होता. ट्रंक देवळाच्या खोलीत आणि किल्ली माझ्याकडं. शनिवारी सकाळी मालकांचं पोट एकाएकी दुखायला लागलं. आतडं अडकलं होतं. जीपमधून मिरजेला नेलं, अश्विनी तिथं होतीच. तिचा फोन आला, "आई, आजच ऑपरेशन हाय. धा हजार डिपॉझिट भरा म्हणत्यात. लवकर ये."

घरात सातशे रुपये होते. बहीण उंब्रजला, तिला फोन लावला, तिनं मंगळवारी देते म्हणून सांगितलं. पण ऑपरेशन मंगळवारपर्यंत थांबणार नव्हतं. मी ट्रंक उघडली, दहा हजार काढले, दोन हजार ठेवले. देवीच्या पाया पडून म्हटलं, मंगळवारी परत ठेवते. कुणाला सांगितलं नाही. मिरजेला जाऊन पैसे भरले, ऑपरेशन झालं, आणि अश्विनीला मालकांजवळ ठेवून रविवारी पूजेसाठी परत आले.

बहिणीचे पैसे यायचे होते. पण त्याआधीच, सोमवारी, फरशीवाला आला म्हणून कमिटीनं डबा उघडला.

कमिटीचे मुख्य सुभेदार नाना. मिलिटरीतून रिटायर झालेले, सरळ माणूस. त्यांनी मला विचारलं, "वैनी, किल्ली कुणाला दिल्ती का?" मी नाही म्हणून मान हलवली. तेवढंच. ते खरंच होतं. पण पुढचं मी बोलले नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. गुरवाच्या घरावर संशय घ्यायचं कुणाच्या मनात येणार?

किराणा दुकानवाले तात्या मात्र म्हणाले, "शुक्रवारी हमीदा आल्ती की खोलीत, चोळीचं माप घ्यायला. आन् वैनी चहा आणायला गेल्त्या. ट्रंक उघडीच हुती. मी बघितलंय."

हमीदाभाबी आमच्या गावच्या शिवणकाम करणाऱ्या. देवीची खणाची चोळी त्यांच्याच घरात शिवतात, त्यांच्या आजेसासूपासून. त्यांना बोलावलं. त्या गळ्यात माप घ्यायची टेप तशीच ठेवून आल्या. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तात्या, चार पिढ्या झाल्या, देवीच्या अंगावरचं कापड आमच्या हातनं जातंय. कवा एक बोट खण कमी झाला का? आन् चोरायचंच हुतं तर दोन हजार कशाला ठिवू? तुमच्यासाठी?"

"त्येच तर, चोर बी हिशेबी हाय," तात्या म्हणाले. दोघं-तिघं हसले. मी हसले नाही, पण बोललेही नाही. खांबाला धरून उभी होते.

नाना म्हणाले, "वाद नको. उद्या मंगळवार हाय. देवीलाच इचारू."

मालक नसले की पूजा मीच करते, गावाला त्याची सवय आहे. म्हणजे कौल लावायचाही मीच. घरी आले आणि मला वाटलं, सुटले. गुळाचं पाणी करायचं. प्रश्न येणार, 'हमीदानं पैसे घेतले का?' उजवीला गूळ लावायचा, डावीला साधं पाणी. डावी पडेल, 'नाही' येईल. भाबी सुटतील. माझंही झाकून जाईल, बहिणीचे पैसे आले की डब्यात ठेवून देईन. तेव्हा मला हे पापसुद्धा वाटलं नाही. उत्तर तर खरंच असणार होतं ना...

मंगळवारी पूजा झाल्यावर दहाच्या सुमाराला सभामंडप भरला. वर फॅन चालू होता. भाबी बाहेरच्या पायरीवर उभ्या, बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. मी शेवंतीच्या दोन पाकळ्या घेतल्या. वाटीत गुळाचं पाणी, तांब्यात साधं. ठरवल्याप्रमाणं लावल्या. नानांनी प्रश्न विचारला.

दोन आरत्या झाल्या. डावी हलली नाही. तिसरी झाली. लोक गप्पा मारायला लागले. अर्धा तास झाला. साध्या पाण्याची पाकळी, वर फॅन, आणि ती खांद्याला अशी बसलेली की जणू दगडातूनच उगवली आहे.

तात्या म्हणाले, "वैनी, नीट लावली न्हाई तुमी. मालकांचा हात यगळा."

नाना म्हणाले, "परत लावा."

आता मी घाबरले होते. गूळ बाजूला सारला. दोन्ही पाकळ्या तांब्यातल्या पाण्यानं लावल्या, जशा मालक लावतात. म्हटलं, जे होईल ते होऊ दे. तोच प्रश्न. पुन्हा अर्धा तास. दोन्ही तशाच. कुणीतरी फॅन वाढवला. म्हाताऱ्या बायका पदर डोक्यावर घ्यायला लागल्या.

तिसऱ्या वेळी मी काय केलं ते कुणालाच कळलं नाही, आज पहिल्यांदा लिहिते. मी पाकळ्या पाण्यात बुडवल्याच नाहीत. बोटं पदराला पुसली आणि कोरड्या पाकळ्या नुसत्या टेकवल्या. हात काढला की पडायला हव्या होत्या.

पडल्या नाहीत.

थंडी नव्हती, वास नाही, आवाज नाही, लोक सांगतात तसलं काहीच नाही. लख्ख ऊन मंडपात आलेलं. फक्त दोन कोरड्या पाकळ्या, आणि माझ्या मनात एकच गोष्ट – देवी उत्तर देणार नाही. प्रश्नच खोटा आहे, आणि तो खोटा आहे हे इथं तिला आणि मलाच माहीत आहे.

मागं वळले. भाबी पायरीवर, टेप हातात गुंडाळत उभ्या. दीड तास उभ्या होत्या.

"मी घेतले," मी म्हटलं.

कुणाला ऐकूच आलं नाही. नाना म्हणाले, "काय म्हन्ला?"

मग मी मोठ्यानं बोलले. लग्नातलं नाव घेतल्यानंतर एवढ्या मोठ्यानं मी गावात पहिल्यांदाच बोलले असेन. "पैसे मी घेतले. धा हजार. मालकांच्या ऑपरेशनला. हमीदाभाबीचा काय संबंध न्हाई. मी परत करीन."

सगळे माझ्याकडं बघत होते. एका म्हातारीनं "आगं बाई" म्हटलं आणि बोट दाखवलं, तेव्हा सगळ्यांनी मूर्तीकडं पाहिलं. दोन्ही पाकळ्या देवीच्या पायाशी पडलेल्या. कधी पडल्या, कुठली आधी पडली, कुणीही पाहिलं नाही. म्हणजे भाबींबद्दलचा कौल देवीनं दिलाच नाही. ना हो, ना नाही.

तात्या खाली मान घालून म्हणाले, "भाबी, चुकलं माजं."

भाबी म्हणाल्या, "तुमचं ऱ्हाऊ द्या." माझ्याकडं बघितलं. "वैनी, मागितले असते तर मी दिले नसते का? दीड तास उभी केली मला, माझ्याच गावात." आणि निघून गेल्या. ते बोलणं मला कुठल्याही शिक्षेपेक्षा जास्त लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

नाना म्हणाले, "वैनी, सालभर घ्या. डबा तुमच्याकडंच ऱ्हाईल." मी म्हटलं, किल्ली तुम्ही घ्या. ते नको म्हणाले. मी ती त्यांच्यापुढं ठेवून आले.

अश्विनीला सगळं सांगितलं. ती शिकलेली, तिनं लगेच कारण काढलं, "आई, नवरात्रात नवा शेंदूर लावलाय, तेलकट असणार. त्याला चिकटल्या." मला पटलं. खरंच पटलं. म्हणून पुढच्या मंगळवारी, देवळात कुणी नसताना, मी करून बघितलं. तोच शेंदूर, तीच शेवंती, तोच फॅन. ओल्या लावल्या, दुसरी आरती संपायच्या आत पडल्या. कोरड्या टेकवल्या, हातातनंच खाली. चार मंगळवार केलं. एकदाही टिकल्या नाहीत. अश्विनी म्हणाली, "मग मला म्हाईत न्हाई." मलाही माहीत नाही.

माझी देवी कुणाला घाबरवत नाही आणि चमत्कारही करत नाही, असंच मी समजते. डोकं तिनंच दिलंय, तर ते वापरलेलं तिला चालत असणार, म्हणून तर मी तपासून पाहिलं. पण एक गोष्ट मला अभिमानानं सांगायची आहे. तिला रोज आंघोळ घालणारी, तिला नैवेद्य दाखवणारी बाई मी, तरी तिनं मला सूट दिली नाही. अशी देवी आमच्या गावची आहे. माझी लबाडी भाबींना वाचवायला असली तरी तिला ती नको होती.

मालक टाके घेऊन घरी आले तेव्हा त्यांनाही सांगितलं. संध्याकाळी जेवताना म्हणाले, "मी असतो तर मला जमलं नसतं बोलायला." बत्तीस वर्षांत माझं एवढं कौतुक त्यांनी केलं नव्हतं.

बहिणीकडून काही आलं नाही, म्हणून पैसे फेडायला मी काम शोधत होते. पंधरा दिवसांनी भाबीच दारात आल्या, हातात आठ साड्या. "फॉल लावता येतो का? टाका बारीक पायजे, माझ्या गिऱ्हाईकांची तक्रार न्हाई आली पायजे." राग पुरता गेला नव्हता, आवाजात कळत होतं. तरी आल्या. पहिली साडी त्यांनी दोनदा उसवायला लावली. "वैनी, ह्यो टाका हाय का पेरणी?" तिसरीपासून नावं ठेवली नाहीत. एका साडीला तीस रुपये. लग्नसराईत एका आठवड्यात वीस साड्या झाल्या. डोळे जळायचे, पण दर महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी नानांकडं जाऊन डब्यात पैसे टाकून यायचे.

या दसऱ्याला लिलाव झाला, त्याच मंडपात मी शेवटचे सातशे घेऊन उभी राहिले. सगळे होते. भाबी यावेळी आत बसल्या होत्या, मांडीवर देवीची नवी चोळी. नानांनी डबा पुढं केला आणि हसत म्हणाले, "वैनी, पुरं झालं का न्हाई, कौल लावून बघू का?"

सगळे हसले. माझा घसा कोरडा पडला नाही.

"कौल नको, नाना," मी म्हटलं. "मोजून घ्या."

त्यांनी सगळ्यांसमोर मोजले. दहा हजार, पूर्ण.