लंगडा बटाटा

कवळीताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. दातांच्या लॅबमध्ये ती वीस वर्षं कवळ्या बनवत होती, म्हणून सगळे तसंच म्हणायचे आणि तीही ओ द्यायची. मुलगी शिकायला परगावी गेली, तिची गिटार कपाटामागे पडून राहिली. धूळ पुसताना ताईने सहज एक तार छेडली आणि शेहेचाळिसाव्या वर्षी तिला वेड लागलं. वर्षभरात साधी गाणी तिच्या हातात बसली.

लॅबला काम देणारे मोठे डॉक्टर निवृत्त होणार होते. निरोपाच्या कार्यक्रमात ताईने गिटार वाजवायची आणि तिच्या धाकट्या दिराने ड्रम, असं ठरलं. दीर वॉशिंग मशीन दुरुस्त करायचा. त्याने निवडलेल्या गाण्यात एक अख्खी ओळ ट्रिपलेटची होती, म्हणजे पायाच्या एका ठेक्यात तीन स्वर, तिन्ही सारख्या अंतराचे. हाताशी बारा दिवस होते. दिराने युक्ती सांगितली : दर ठेक्याला एकदा "बटाटा" म्हणायचं.

ताई उठता-बसता बटाटा म्हणू लागली. मेण वितळवताना बटाटा, भाजी निवडताना बटाटा. पण गिटारवर पहिला स्वर घाईघाईत निघून जाई आणि पुढचे दोन रेंगाळत. दीर म्हणाला, तू मन लावत नाहीस. तिला ते लागलं.

चौथ्या दिवशी, मेणात एक सुळा बसवताना, ती पुटपुटत होती आणि एकदम थांबली. बटाट्यातला "ब" आखूड आणि दोन्ही "टा" लांब! ती तोंडात असेल तसंच हातातून वाजवत होती. तिने काकडी म्हणून पाहिली, तर मधला "क" आखूड. मग सापडलं : मामाला, मामीला. तिन्ही अक्षरं अगदी सारखी. ती इतकी मोठ्याने हसली की शेजारच्या बाईने कालवलेलं प्लास्टर सांडलं. जेवणाच्या सुट्टीची वाटही न पाहता तिने दिराला फोन लावला.

"तुझा बटाटाच लंगडा आहे, भाऊजी."

संध्याकाळी मामाला-मामीला सावकाश लयीत सुंदर वाजलं. वेग वाढवला की मात्र दुसऱ्या ठेक्यावर तार छेडणारा हात अडखळे. पुन्हा केलं, पुन्हा तिथेच ठेच. तिचे सासरे समोर बसून बघत होते. आयुष्यभर जमिनीची मोजणी केलेला माणूस. आता ऐकू कमी यायचं, पण नजर शाबूत होती.

"गिटार ठेव आणि तीन पावलं चाल," ते म्हणाले. "उजव्या पायाने सुरुवात कर."

ती चालली. उजवा, डावा, उजवा.

"आता चौथं पाऊल कुठलं?"

"डावं."

"मग हाताला का अडवतेस? दर तिनानंतर तू तो ओढून पुन्हा वरून खाली आणतेस. त्याची पाळी खालून वर जायची असते."

ताईने हवेतच हात हलवून पाहिला. खाली-वर-खाली, मग वर-खाली-वर. म्हणजे दुसऱ्या ठेक्याचा जोर खालून वर जाणाऱ्या हातावर यायला हवा! तिने गिटार ओढून घेतली. दहा-बारा वेळा वेडंवाकडं झालं, मग एकदम हात सुटला. स्वर पाण्यासारखे धावू लागले. "बाबा, जमलं!" ती ओरडली. त्यांना ऐकू आलं की नाही कोण जाणे, पण तिचा पाय आणि हात बघून ते टाळ्या पिटू लागले. भाजी लागली, वास सुटला, तरी कोणी उठेना.

कार्यक्रमात दिराने नेहमीप्रमाणे उत्साहाच्या भरात लय वाढवली. एरवी ताई मागे पडली असती. आता ती त्याच्या बरोबरीने धावली, ओठात मामाला, मामीला. पुढच्या रांगेतले डॉक्टर गुडघ्यावर ठेका धरून डोलत होते. गाणं संपलं, ड्रम थांबला आणि ताईचा हात काही थांबेना. दोन ठेके ती एकटीच वाजवत राहिली. दिराने प्रसंग ओळखून झांजेवर एक टोला हाणला आणि शेवट सावरून घेतला.

लोकांना वाटलं, ते तसंच बसवलेलं होतं. शेवट फार छान बांधलात, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा ताईने मान डोलावून कौतुक बिनदिक्कत पदरात पाडून घेतलं.