निरगुडीची पाळी

पाटावरच्या काकीने आयुष्यात घड्याळ बांधलं नाही. ती पाणी डहाळ्यांनी वाटायची. भात कापून झालं की व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, दगडमातीचा बांध घालायचा, मग पाणी पाटात चढायचं आणि पाटातून एकेका घराच्या वायंगणी, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भाताच्या, शेतात जायचं. ज्याची पाळी, त्याच्या शेताच्या तोंडाशी काकी त्या घरच्या झाडाची डहाळी खोवायची. आमची आंब्याची, वरच्या घरची फणसाची, कोणाची जांभळीची. पाणी शेताच्या पलीकडच्या कोपऱ्याला टेकलं की डहाळी उपटून पुढच्या तोंडाशी पुढची. मी शाळेत इंग्रजी शिकवणारी, वेळापत्रकाची माणूस. मी तिला एकदा सुचवलं, "काकी, प्रत्येकाला तासभर असं ठरवून टाकूया." ती हसली. "बाईनू, पाण्याक घड्याळ कळना नाय. कोपरो भिजलो काय पाळी सरली."

तिची स्वतःची डहाळी निरगुडीची. निरगुडी शेताच्या बांधावर आपली आपण उगवते, ती कोणाच्या परसातली नसते. काकीचा नवरा लवकर गेला. घर आणि शेत मुंबईतल्या थोरल्या दिरांच्या नावावर होतं. राबायची ती, पण दारातलं झाडसुद्धा तिचं म्हणता येत नव्हतं. ईरा, निशांत, तुम्हाला हे विचित्र वाटेल. आम्हाला तेव्हा वाटत नव्हतं.

बांध घालायच्या दिवशी घरटी एक बाई यायची. पुरुष मुंबईला नाहीतर गोव्याला. दगड हातोहात यायचे, फटींत पालापाचोळा, वर चिखल. काकी पाण्यात गुडघाभर उभी राहून एकेकीला नावाने हाक मारायची आणि जी उशिरा येई तिला सगळ्यांत जड दगड द्यायची. तिचा कायदा एका ओळीचा होता, "जेचो हात बांधाक लागलो, तेका पाणी." शेत कोणाच्या नावावर, हे तिने कधी कोणाला विचारलं नाही.

वरच्या घरचे भाऊ गावात राहणारे एकटेच जाणते पुरुष. एका दुपारी त्यांनी पाळी नसताना आपली फणसाची डहाळी खोवून पाणी वळवलं. काकी भांडली नाही. ती सगळ्या बायकांना घेऊन गेली आणि त्यांच्या शेताच्या कडेच्या मेरेवर रांगेने बसली. भाऊ बाहेर आले.

"काय गो, सगळी हंय कित्या?"

"फणस अवेळी पिकलो काय, भाऊनू? वास इलो म्हणान इलंव."

बायका इतक्या हसल्या की भाऊंनी स्वतः जाऊन डहाळी उपटली. मीही त्या मेरेवर बसले होते, पदर तोंडात कोंबून.

पुढे सिमेंटचा बंधारा मंजूर झाला. त्यासाठी पाणी वाटपाची संस्था हवी होती, संस्थेला नियम हवे होते, आणि नियम लिहायला सुवाच्य अक्षर हवं होतं. ते काम माझ्याकडे आलं. कचेरीतून नमुना मिळाला होता, तो मी नीट उतरवला. जत्रेला मुंबईकर आले होते, तेव्हा देवळात सभा झाली. पुरुष सतरंजीवर, बायका खांबांपाशी उभ्या. मी वाचलं, "सातबाऱ्यावर ज्याचे नाव असेल, तोच सभासद." सातबारा म्हणजे जमीन कोणाची हे सांगणारा सरकारी कागद. सगळ्या वाडीत त्यावर एकाच बाईचं नाव होतं. माझं. तुमच्या आजोबांनी हौसेने घातलेलं. हे माझ्या ध्यानात आलं ते वाक्य मोठ्याने वाचून झाल्यावर.

सभा संपल्यावर काकी जवळ आली. कागदावर हात ठेवून म्हणाली, "ह्या तुमी लिवलात?"

"हो."

"अक्षर बरा आसा."

एवढंच. पुढच्या वर्षी पाळ्यांचा छापील तक्ता देवळात लागला. त्यात तिचं शेत नव्हतं. दिरांनी ते पड ठेवा असं कळवलं होतं, आणि सभासद तेच होते. मी नियम बदलायचा अर्ज दिला. सभेत माझा एकटीचा हात वर गेला. भाऊ शांतपणे म्हणाले, "बाई, नियम तुम्हीच लिहिलात ना?" खांबांपाशी त्या दिवशी कोणी उभं नव्हतं.

बायका पाट उपसायला यायच्या बंद झाल्या. त्यांनी का यावं? बंधाऱ्याला पाऊस सरताच फळ्या घालाव्या लागतात. सभासद मुंबईला. पहिल्या वर्षी फळ्या उशिरा पडल्या, दुसऱ्या वर्षी अर्ध्याच, मग पडल्याच नाहीत. पाणी सिमेंटमधून सरळ खाली जात राहिलं आणि वायंगण संपलं. मी काकीकडे माफी मागायला गेले होते. ती सुपात कुळीथ पाखडत होती. म्हणाली, "एका हातान बांध मोडना नाय, बाईनू, आणि उभो पण रवना नाय." मला त्याने बरं वाटलं नाही.

नंतर ती आरोंद्याला लेकीकडे गेली. निघताना एसटीच्या थांब्यावर तिने माझा हात धरला.

"पाटार नजर ठेवा."

"पाटात पाणी कुठे आहे, काकी?"

"नसला तरी."

मागच्या पावसाळ्यात लेकीचा फोन आला, काकी गेली म्हणून. ज्यांना ती नावाने हाक मारायची त्यांतल्या निम्म्याजणी आता मुलांकडे शहरात आहेत. कोणाला कळवायचं याची यादी करायला बसले तर चार नावं झाली.

यंदा भात कापल्यावर मी सकाळी व्हाळावर गेले आणि सिमेंटच्या वरच्या अंगाला दगड लावू लागले. या गुडघ्यांनी सात झाले. पाणी त्यांच्या फटींतून निघून गेलं, पण थोडं थांबलं, आणि पाटाच्या तोंडाशी ओल आली.

व्हिडिओवर तुम्हाला पाट दाखवला, तेव्हा ईराने विचारलं, "आजी, ती फांदी कोणी लावली?" मी तेव्हा विषय बदलला. मी लावली, बाळा. आपल्या आंब्याची नाही, निरगुडीची आहे. पहिली पाळी तिची.