बिनचालीची कॅसेट

२००१ साली मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो. नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला कॅसेट भरून देण्याचं माझं दुकान होतं, त्याला तेव्हा वीस वर्षं झाली होती. शिक्षण माझं चौथी, तीही पुरी नाही. पण दुकानाच्या तीन भिंती कॅसेटांनी भरलेल्या होत्या, आणि कोणतं गाणं कुठल्या कॅसेटच्या कोणत्या बाजूला कितवं आहे, हे मी वहीकडे न बघता सांगायचो. शिकलेले मास्तर हातात यादी घेऊन माझ्यासमोर उभे राहायचे. यादीतलं अक्षर वळणदार, निवड बिलकुल भिकार. मी तोंडावर सांगायचो. ज्याला राग यायचा तो दुसऱ्या दुकानी जायचा आणि महिन्याभरात परत यायचा, कारण तिथली कॅसेट घरघरायची.

हल्ली कॉलेजातली पोरं मोबाईल काढून माझ्यासमोर धरतात आणि म्हणतात, "आजोबा, तो रॅप करणारा तुमच्या दुकानात यायचा ना? त्याचं काहीतरी सांगा." यांना सगळं काहीतरीच पाहिजे असतं. मी सांगतो की हो, यायचा, आणि त्याचं ते बोलणं मला तेव्हाही आवडलं नाही, आजही आवडत नाही. मग ती पोरं निघून जातात. पण त्यात एक गोष्ट माझ्या हातून झाली होती, ती मी त्यांना सांगत नाही. ती इथं लिहून ठेवतो.

तो अंबडकडच्या शेतकरी घरातला. वय बावीस-तेवीस, अंगानं काडी. जमीन चुलते बघायचे, आणि हा माय-बापाला घेऊन जालन्यात येऊन सळ्यांच्या मिलमध्ये लागला होता. लालभडक सळई चिमट्यानं धरायची आणि पुढच्या गड्याच्या हवाली करायची, हे त्याचं काम. शर्टाला ठिणग्यांनी पडलेली बारीक भोकं. पहिल्यांदा आला तेव्हा कव्वालीच्या मुकाबल्याची कॅसेट मागितली, ज्यात एका बाजूनं बाई आणि दुसऱ्या बाजूनं बुवा एकमेकांना सवाल टाकतात. मला वाटलं, चला, जाण असलेला दिसतो. आठवड्यानं परत आला.

"काका, यातली पेटी अन् गाणं काढून निस्ती बोलाचाली भरून देता का?"

"कामून?"

"सूर नको मला. ते एकमेकाला कसं अडवतेत, तेवढंच पायजे."

ताटातली भाकर बाजूला सारून नुसतं मीठ मागणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. मी त्याला हाकलून दिलं.

पण तो हटणारा नव्हता. पुढं कुठून तरी एक इंग्रजी कॅसेट पैदा करून घेऊन आला आणि मला जबरदस्तीनं ऐकवली. एक माणूस दम न घेता बोलत होता आणि मागं नुसतं धाडधाड. इंग्रजी मला येत नव्हती, त्यालाही येत नव्हती.

"हा गाऊन राह्यला, का घरमालकासंगं भांडून राह्यला?" मी विचारलं.

"भांडूनच राह्यला, काका," तो खूश होऊन म्हणाला. "पर ठेक्यात!"

ही त्याची विद्या. बाकीची त्यानं मोंढ्यात, धान्याच्या बाजारात कमावली. सुट्टीच्या दिवशी तिथं जाऊन उभा राहायचा. ना माल घ्यायचा, ना विकायचा, लिलावाची हर्राशी बोलणाऱ्याच्या तोंडाकडे नुसतं बघत राहायचा. आणि राहिलेली विद्या मिलमधली. तो म्हणायचा, "आमच्या इथं सळई कापायची कातर दणादण पडती, काका. दोन दणक्यांच्या मधी जेवढी जागा गावती तेवढ्यात आपलं बोलणं बसवावं लागतं. न्हाई बसलं तर समोरच्याला ऐकूच जात न्हाई, अन् त्याचा हात जातो." मी म्हटलं, मग बोलणं मिलमध्येच ठेव, बाहेर कातर पडत नाही. तो हसला. त्याला अपमान कळत नव्हता. म्हणजे कळायचा, पण लागायचा नाही.

त्याच्या जोडीला मिलमधलाच एक गडी असायचा, घरी उर्दू बोलणारा. मला चाचा म्हणायचा. हा बोलायचा आणि तो ऑइलचा रिकामा डबा मांडीत घेऊन वाजवायचा. डबा मात्र तो बराबर वाजवायचा, एवढं कबूल करतो. हातात कला होती, ती डब्यावर वाया घालवत होता.

मिलच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी मालधक्क्याच्या मागं त्यांचा गोल बसायचा. हमाल, रिक्षावाले, मिलचे गडी, सगळी वीस-पंचवीस माणसं. एकानं दुसऱ्याला बोलण्यातून चिडवायचं, दुसऱ्यानं लगेच त्याच ठेक्यात फेडायचं. जो अडखळला तो खाली बसला. मी एकदा त्या बाजूनं पार्सल सोडवून येत होतो, म्हणून पाच मिनिटं थांबलो. तो मधोमध उभा राहून हात नाचवत बोलत होता:

नळाला पानी न्हाई, टाकीवर नाव हाय,
नाव ज्याचं टाकीवर त्याच्या दारी बोर हाय.
हंडा माझ्या मायचा लाइनीत हाय उभा,
सायेब म्हन्ला थांब बाई, उद्या हाय सभा!

माणसं ओरडायला लागली. मला त्यात ओरडण्यासारखं काही दिसलं नाही. पाणी येत नाही हे जालन्यात कोणालाही विचारा, तो तसंच सांगेल, फक्त हात नाचवणार नाही. तेवढ्यात त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि त्याच ठेक्यात तो म्हणाला, "बघा बघा उस्ताद आले, चाल इचारायला आले!" सगळे माझ्याकडे वळून हसले. डब्यावाल्यानं वर दोन थापा हाणल्या. मी पार्सल उचललं आणि चालायला लागलो. खरं सांगतो, ते हसणं माझ्या डोक्यात राहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात तो डब्यावाला जेद्दाला कामावर निघाला. जायच्या आधी दोघांनी मिलच्या चौकीदाराच्या खोलीत, मागून आणलेल्या टेपवर, आपलं बोलणं भरून घेतलं. गडी बुधवारी गेला आणि गुरुवारी हा कॅसेट घेऊन माझ्यासमोर हजर.

"काका, दहा कॉप्या पायजेत. एक तिकडं जेद्दाला पाठवायची. दोन्ही बाजूंनी मिळून सहा गाणी हायेत."

"गाणी?"

"बरं, सहा भांडणं."

"रविवारी ये," मी म्हटलं. कॅसेटकडे बघितलंसुद्धा नाही. काउंटरखाली एक पत्र्याचा डबा होता, त्यात टाकून दिली.

इथं धंद्यातली एक गोष्ट सांगावी लागते. कॅसेटच्या पाठीवर दोन कोपऱ्यांना प्लास्टिकच्या दोन बारक्या पाकळ्या असतात. त्या मोडल्या की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. कंपनीची कॅसेट मोडलेलीच येते. ज्याला तीच पुसून पुन्हा भरायची असते तो त्या भोकांवर चिकटपट्टी लावून आणतो. पट्टी दिसली की समजायचं, ही पुसायची. विचारायचं नाही. माझ्या त्या पत्र्याच्या डब्यात अशाच पट्टीच्या कॅसेटा असायच्या, ज्यांच्या मालकांनी त्या जुन्या म्हणून मला देऊन टाकल्या होत्या. आणि या शहाण्यानं आपलं बोलणं भरलं होतं कव्वालीच्या कॅसेटवर, पट्टी लावून, आणि भरून झाल्यावर पट्टी काढली नव्हती. तोंडानं टाकीपासून बोरापर्यंत सगळ्यांची झडती घेणारा माणूस, पण एवढी साधी गोष्ट कळली नाही.

शनिवारी लग्नसराईची गर्दी. अंकुशनगरचा एक माणूस, साखर कारखान्यात कामाला असलेला, हळदीची गाणी भरून मागायला आला. पुतणीची हळद त्याच दिवशी होती. कोरी कॅसेट एक शिल्लक नव्हती. मी डब्यात हात घातला, पट्टीवरून बोट फिरवलं, डेकमध्ये टाकली आणि सुरू केलं. पहिली बाजू पुरी भरली. दुसरी निम्मी झाली तोच तो माणूस दुकानाच्या पायरीवर नाचायला लागला.

"मामा, गाडी निघून राह्यली! द्या लवकर, तिकडं हळद वाळून जाईल!"

मी बटन दाबून कॅसेट काढली आणि त्याच्या हातात दिली.

रविवारी तो मिलचा पोरगा आला. मी डबा उपसला, काउंटर उपसलं, आणि मधेच माझ्या हातानंच, पट्टीवरून फिरलेल्या त्या बोटानं, मला सांगितलं. मी लपवाछपवी करणारा माणूस नाही.

"ती पुसली गेली," मी म्हटलं. "तिच्यावर हळद भरली."

त्याला आधी वाटलं, मी चेष्टा करतोय. मग त्याच्या चेहऱ्यावरून ते हसू जायला बराच वेळ लागला.

"पर काका, मी तुमाला तोंडानं सांगितलं व्हतं. दहा कॉप्या म्हणून."

"पट्टी कोणी लावली? मी?"

"मीच लावली."

"मंग? पट्टी म्हंजी पुसा. वीस वर्षं ह्या दुकानात हाच कायदा हाय. तुझ्यासाठी बदलू का?"

"तोंडानं सांगितलं व्हतं," तो पुन्हा म्हणाला.

मी आवाज चढवला. "परत भर! सहा भांडणं तर हायेत. दिवसभर तेच करता तुमी."

"डबा वाजवणारा गेला ना. तीन वर्षं येत न्हाई तो."

"दुसरा कोणी वाजवील. कागदावरून म्हण."

"कागद कुठला, काका? आमी एकमेकाच्या तोंडाकडं बघून करायचो. त्यानं हात बदलला की मी शब्द बदलायचो. निम्मं तर मला आता आठवत बी न्हाई. त्या कॅसेटीत व्हतं, म्हणून मी डोक्यातून सोडून दिलं." मग त्यानं विचारलं, "पुसायच्या आधी ऐकलं तरी व्हतं का?"

"न्हाई."

"एक बी?"

"ज्याला चाल न्हाई ते मी ऐकत न्हाई."

त्यानं मान हलवली, गाडीची वेळ कळल्यावर हलवावी तशी, आणि पायऱ्या उतरला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ठेक्यात दिल्या असत्या तरी चाललं असतं.

तो पानटपरीपर्यंत गेला असेल, तेव्हा मला दुसरी बाजू आठवली. ती मी निम्मीच भरली होती. म्हणजे हळदीची गाणी संपल्यावर पुढं त्याचंच बोलणं शिल्लक होतं. अंकुशनगरला, कोणाच्या तरी टेपमध्ये. आज तिथं लग्न होतं, उद्या पाहुणे पांगणार, आणि अशा कॅसेटा कोणाच्या पिशवीतून कुठं जातील याचा नेम नसतो.

मी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण हाक मारली असती तर सांगावं लागलं असतं की घाईत मी गिऱ्हाइकाला अर्धी कॅसेट पुरी म्हणून खपवली. मी! शेजारच्या दुकानाला ह्याच गोष्टीवरून मी सगळ्या बाजारात नावं ठेवली होती. घड्याळवाला, झेरॉक्सवाला, सगळे बसले होते समोर कान टवकारून. तो टपरी ओलांडून मिलच्या रस्त्याला वळला आणि मी त्याला वळू दिलं.

घरी जेवणावर बसलो तर बायको म्हणाली, "कोणाशी वाजलं आज?"

"कोणाशी न्हाई."

"मंग भाकरीवर कामून राग काढून राह्यले?"

तिला सांगितलं असतं तर तिनं दोन शब्दांत निकाल दिला असता, आणि तो मला माहीत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं नाही. अंबडवरून जाणारी पहिली गाडी धरली आणि आठच्या आत अंकुशनगरला उतरलो. लग्नाचं घर शोधावं लागलं नाही, मांडव उतरवणं चाललं होतं. माझं गिऱ्हाईक बांबूच्या दोऱ्या सोडत उभं होतं.

"अरे मामा! लग्न काल झालं. जेवायला आज आले व्हय?"

"कॅसेट पायजे," मी म्हटलं. "हळदीची."

"का? झकास वाजली की. निस्तं शेवटी त्यात कोण तरी लई चिडलेला माणूस निघाला. डबा बडवून बडवून बोलून राह्यला. नवरीच्या आत्यानं दोनदा लावायला लावला."

मांडवाचे चार गडी, दोन बाया आणि ती आत्या, सगळे काम थांबवून बघत होते. मी म्हणालो, "दुसरी बाजू मी निम्मीच भरून दिली. मागचं ते तुमचं न्हाई. तुमाला नवी भरून पाठवतो."

"निम्मीच?" तो म्हणाला. "तुमी?"

"मी."

त्याला फार मजा वाटली. त्यानं ते मांडववाल्याला सांगितलं, मांडववाल्यानं आत घरात ओरडून सांगितलं. मी उभा राहिलो. मग आत्या टेप घेऊन बाहेर आली आणि काढून देण्याआधी तिनं तो लावला. खात्री करून घ्या, म्हणाली. दीड भांडण शिल्लक होतं. एकात तो मिलच्या मुकादमाची हजेरी घेत होता. दुसऱ्यात गावाकडून आलेल्या चुलत्याला शहर दाखवत होता, आणि डब्यावाला मधे दख्खनी उर्दूत टोमणे मारत होता. बारा-तेरा मिनिटं मी उन्हात उभा राहून सगळं ऐकलं. चाल कुठंच नव्हती. डबा चांगला होता.

आत्या म्हणाली, "तुमचा कोण हा?"

"गिऱ्हाईक," मी म्हटलं. कॅसेट शर्टाच्या खिशात घातली, वरून बटन लावलं आणि उलट येणारी गाडी धरून सरळ मिलच्या फाटकावर गेलो. चौकीदारानं विचारलं, काय काम आहे. मी सांगितलं, माझ्याकडून एक चूक झाली आहे, ती सांगायची आहे, चिमटेवाल्याला बाहेर पाठव. पाळी सुटेपर्यंत कोणी बाहेर येत नाही, म्हणाला. मग मी फाटकासमोर एक दगड बघितला आणि त्याच्यावर बसलो.