कुमुदकाकूंनी नापास केलेला बिबट्या

न आवडलेलं पुस्तक कुमुदकाकू दोन बोटांत धरायच्या, मेलेलं झुरळ मिशीला धरून उचलावं तसं. नेपियर टाउनातल्या एका दवाखान्याच्या वर आमच्या मराठी मंडळाचं वाचनालय आहे, तिथे रविवारी सकाळी मी बसते. बँकेच्या बदलीवर साताऱ्याहून जबलपूरला येऊन तेव्हा मला महिनाही झाला नव्हता. काकूंनी एक कादंबरी तशीच आणून माझ्या टेबलावर सोडली. "मॅडम, हा माल नापास. काहून नापास, ते मागं लिहून दिलं आहे."

मागे लिहायची आमच्याकडे पद्धतच. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी कोरा कागद डकवलेला, वाचून झालं की त्यावर अभिप्राय लिहायचा. बाकीची मंडळी 'छान', 'वाचनीय' असं खरडून सुटतात. काकूंचा कागद भरायचा आणि उरलेलं पुठ्ठ्यावर उतरायचं. "नायिका पाच वेळा बेशुद्ध पडते. डॉक्टर एकदाही येत नाही." एका गाजलेल्या आत्मचरित्राखाली एवढंच: "बायकोचं नाव शेवटपर्यंत कळलं नाही." त्यांना जाऊन वर्ष होत आलं, पण कुठलंही पुस्तक उलटून पाहिलं की त्या भेटतात आणि बहुतेक वेळा चिडलेल्याच भेटतात.

तीस वर्षं त्या इथल्या संरक्षण कारखान्यात सुटे भाग तपासत होत्या. माप घ्यायचं, पास की नापास ते ठरवायचं. "एक नग वाईट निघाला म्हणून पेटी नाही फेकायची जी," त्या मला सांगायच्या. "पूर्ण पेटी पाहायची. मग फेकायची." त्यामुळे दहाव्या पानावर किळस आली तरी पुस्तक शेवटपर्यंत वाचायच्या. अशा माणसाच्या हाती ती बिबट्याची कादंबरीमालिका पडावी, याला काय म्हणायचं!

मालिका त्यांच्या नातीच्या उशाशी सापडली. रेवा सोळा वर्षांची, काकूंच्याच खोलीत झोपायची. मराठी सगळं कळायचं, बोलताना मात्र हिंदीच तोंडात यायची, आणि काकूंना घरात हिंदी खपायची नाही. पूर्वी आजीचं डोकं खायची, आता तोंड उघडेना. "पोरगी माझ्याशी बोलूनच नाही राहिली," काकू एकदा म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला. "फोनमध्ये डोकं, नाहीतर त्या पुस्तकात. चला, आता मीच वाचते ते. बोलायला काहीतरी तर मिळेल!"

इंग्रजीतले पाच जाडजूड भाग. नायक कॉलेजात जाणारा देखणा मुलगा, मनात आलं की काळा बिबट्या होतो. नायिका साधीसुधी, आणि तो तिच्यासाठी वेडा. खोटं कशाला बोलू, मला ती मालिका आवडली होती. काकू भिंग आणि डिक्शनरी घेऊन बसल्या आणि दर रविवारी वाचनालयात फटाके फुटायला लागले.

"शी! अहो, तो रात्रभर तिच्या खिडकीसमोर झाडावर बसून राहतो. अन् ही काय म्हणते? सुरक्षित वाटतं म्हणते! आमच्या कॉलनीत मागं बिबट्या दिसला, तर वनखात्यानं पिंजरा लावला होता. ही बाई खिडकी उघडी ठेवून राहिली!"

"काकू, कल्पना आहे हो ती. प्रेमात असतं असं."

"कोणाच्या?"

माझ्या पर्समध्ये तेव्हा तिसरा भाग होता. तो मी आणखी खाली सरकवला.

पुढच्या रविवारी, "तिच्या अंगाचा वास घेऊन ही कोणाला भेटून आली ते ओळखतो तो. घाणेरडा कुठला!" त्याच्या पुढच्या रविवारी, "आज मला जेवण नाही गेलं." दोन महिन्यांनी पाचवा भाग संपला. काकूंनी सवयीप्रमाणे पेन काढलं आणि आतल्या पुठ्ठ्यावर अभिप्राय लिहिला:

"नायक पाचही भागांत नापास. बिबट्या आहे म्हणून नाही. बिबट्या भुकेपुरतं मारतो. हा मुलगा दर तासाला ती कुठे आहे ते विचारतो. तिच्या मैत्रिणी एकेक करून तोडतो. काय घालायचं ते ठरवतो. ती चिडली की मरून जाईन म्हणून रडतो आणि शेवटी तिलाच माफी मागायला लावतो. मला किळस आली. लिहिणारीला हे प्रेम वाटतं, याची जास्त आली."

खाली तारीख आणि ठसठशीत सही.

पण पुस्तक वाचनालयाचं नव्हतं आणि रेवाचंही नव्हतं. "आजी, ये किसी और की किताब है! पेन से कौन लिखता है?" असं ओरडून तिनं पाचही भाग बॅगेत कोंबले. काकू वाचनालयात आल्या त्या पार उतरलेल्या चेहऱ्यानं. "बोलायला मिळेल म्हणून वाचली, अन् होतं तेवढं बोलणंही बंद करून बसली मी."

त्यानंतरच्या रविवारी काकूंचा गुडघा धरला म्हणून मीच पुस्तकं घेऊन त्यांच्या घरी गेले. त्या स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या. मी समोर बसले, तेवढ्यात रेवा दारात येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले.

पुस्तकं तिच्या कोचिंगमधल्या एका मुलाच्या बहिणीची होती. ती परत द्यायला रेवा त्याला ओमती भागात एका रसाच्या दुकानासमोर भेटली होती. त्यानं सहज पाचवा भाग उघडला. काकूंचा अभिप्राय मराठीत असला तरी अक्षरं हिंदीचीच, ओळखीची. एकेक शब्द लावत त्यानं सगळं वाचलं आणि पांढरा पडला.

"तो म्हणाला, तूने दादी को सब बता दिया?" रेवा म्हणाली. "मी काहीच नव्हतं सांगितलं, आजी. तुला तर त्याचं नाव भी माहीत नाही. मैं बोली, ये तो किताब के बारे में है. तो ऐकूनच नाही राहिला. भांडला. अन् मग... मग मला समजलं."

काकूंच्या हातातली जुडी तशीच राहिली.

"किती दिवस?"

"मागच्या उन्हाळ्यापासून."

"शी," काकू म्हणाल्या, पण आवाज पार खाली गेलेला. "पाच भाग भिंग लावून पाहिले मी. अन् माझ्या बाजूच्या पलंगावर माझी पोरगी..." स्वतःचीच इतकी किळस आलेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

रेवानं फोन उघडून त्यांच्या मांडीवर ठेवला. "सगळं आहे यात. तू वाच."

मला तर तो हिसकावून वाचावासा वाटत होता. काकूंनी मेथीनं ओले झालेले हात पदराला पुसले, फोनकडे पाहिलं आणि विचारलं, "तो पाहायचा काय तुझा फोन?"

"रोज."

काकूंनी फोन उचलला आणि तिच्या हातात परत दिला.

"मग मी नाही पाहत. तू सांग. जेवढं सांगावंसं वाटेल, तेवढंच सांग." आणि घरात हिंदीचा एक शब्द खपवून न घेणाऱ्या त्या बाईनं नातीला जवळ ओढून बसवलं. "हिंदीत सांग, बेटा. पण सांग."